बेळगावात घडणारी फँटसी कादंबरी फसली असेल तर ती सावरायची कशी

तीनशे पानांची कादंबरी चौघांना वाचायला दिली आणि चौघांनीही "छान आहे" म्हणून चहाचा विषय काढला, तर कादंबरी फसली आहे असं समजावं. वाईट कादंबरीवर लोक भांडतात तरी. फसलेल्या कादंबरीबद्दल कुणाला काही बोलावंसंच वाटत नाही, कारण त्यातलं एकही माणूस त्यांच्या लक्षात राहिलेलं नसतं.

शहरी फँटसीत हे फार होतं. खऱ्या शहरात अद्भुत घडवायचं म्हटल्यावर लेखकाचा सगळा जोर अद्भुतावर जातो आणि माणसं अन् कथानक पोरकी होतात. मग दुरुस्ती म्हणून आणखी एक हडळ येते, आणखी एक गुप्त ग्रंथ येतो, आणखी एक शाप येतो. त्यानं रोग वाढतो. जादू कमी पडल्यामुळे कादंबरी क्वचितच फसते. पात्राची नड आणि जादूचा नियम यांची एकमेकांशी गाठच पडलेली नसते, म्हणून ती फसते. पुढची सगळी दुरुस्ती ही एक गाठ मारण्यासाठी आहे.

उदाहरणाला एक बनावट खर्डा घेऊ. सीमाभागातून येणाऱ्या हस्तलिखितांत थोड्याफार फरकानं हाच साचा दिसतो. नायिका पंचवीस वर्षांची, नाव सुमन. बेळगावच्या किल्ल्याच्या खंदकाजवळ तिला ठेच लागते आणि त्या दिवसापासून तिला भुतं दिसू लागतात. एक पांढऱ्या दाढीचे आजोबा भेटतात आणि सांगतात, तू राखणदारांच्या वंशातली आहेस. एक काळ्या कपड्यातला माणूस "दार" उघडायच्या मागे लागला आहे. सात वस्तू गोळा करायच्या आहेत. बरोबर एक देखणा तरुण. शेवटी अमावास्येला निळा प्रकाश पडतो आणि सगळं संपतं. शब्द नव्वद हजार, प्रसंग बेचाळीस.

आधी वही, मग पेन

पहिलं वाचन हातात पेन न घेता करा, शक्यतो दोन दिवसांत. कंटाळा जिथे आला तिथे पानाचा कोपरा दुमडा, बस. कंटाळ्याची जागा आणि चुकीची जागा एक नसते हे ध्यानात ठेवा. कंटाळा दीडशेव्या पानावर येतो, पण त्याचं कारण बहुधा विसाव्या पानावर असतं.

दुसऱ्या वाचनाला लांब वही घ्या आणि प्रत्येक प्रसंगाला एक ओळ द्या. ओळीत पाच रकाने: या प्रसंगात कुणाला काय हवं आहे, कोण किंवा काय अडवतं, शेवटी काय बदललं, जादू वापरली का, वापरली असल्यास किंमत कुणी मोजली. एका रकान्यात सात-आठ शब्दांपेक्षा जास्त लिहायचं नाही. "सुमनला सत्य शोधायचं आहे" असं पहिल्या रकान्यात लिहिलंत तर तो रकाना रिकामाच धरा. सत्य कुणालाच नको असतं, लोकांना कागद हवा असतो, पैसे हवे असतात, आईनं परत बोलायला हवं असतं.

आमच्या खर्ड्यात बेचाळीसपैकी तीस ओळींत पहिला रकाना रिकामा निघतो आणि शेवटचा रकाना तर सगळाच. एक तृतीयांशाहून जास्त ओळींत पहिला रकाना कोरा असेल तर वाक्यं सुधारण्यात वेळ घालवू नका. भाषा कितीही गोड केली तरी ती पानं उभी राहणार नाहीत, नायिकेपासून पुन्हा सुरुवात करायला हवी.

नडीला पत्ता आणि तारीख द्या

पात्र कमकुवत आहे म्हणजे ते भित्रं किंवा रडवं आहे असं नव्हे. भित्रं पात्र उत्तम असू शकतं. कमकुवत पात्र म्हणजे ज्याला काही हवंच नाही. सुमन "साधी, हुशार, थोडी हट्टी" आहे, एवढ्यावर तीनशे पानं चालत नाहीत.

नड ठरवताना तीन गोष्टी विचारा. ती कुठे अडली आहे, कधीपर्यंत सुटायला हवी आणि न सुटल्यास नेमकं काय जाईल? बेळगाव शहर आणि तालुक्यात अशा नडी पावलोपावली सापडतात, त्या आयात कराव्या लागत नाहीत. सुमनला कचेरीजवळच्या झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात बसवा. खेड्यांतून आलेल्या मराठी माणसांना कन्नड कागद वाचून दाखवायचे, अर्ज भरून द्यायचे, हे तिचं काम. दुसऱ्यांची नावं दिवसभर दुरुस्त करून देणाऱ्या या मुलीच्या घरच्याच जमिनीच्या उताऱ्यावर वडिलांचं नाव चुकलं आहे. मराठीतला बाळकृष्ण कन्नडमध्ये बाळाप्पा झाला, आधारवर इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. वडील वारले. आता वारसा नोंद होत नाही, कारण कागदावरचा माणूस आणि मेलेला माणूस एक आहे हे सिद्ध करावं लागतं. चुलत्याला जमीन विकायची घाई आहे आणि पावसाच्या आधी व्यवहार उरकायचा त्याचा बेत आहे.

एवढं ठरलं की सुमनचा स्वभाव वेगळा सांगावा लागत नाही. स्पेलिंगची चूक दिसली की तिचा हात आपोआप पेनकडे जातो. अनोळखी माणसाचं नाव ती दोनदा विचारते. पाटी वाचल्याशिवाय ती पुढे सरकत नाही. पहिल्या दहा पानांत यातलं एक तरी घडताना दिसलं पाहिजे, लेखकानं सांगून चालणार नाही.

नियम एक, किंमत चढती

आता जादू. आमच्या खर्ड्यात सुमनला भुतं "दिसतात", त्यासाठी तिला काही द्यावं लागत नाही, आणि गरज पडेल तशी तिची शक्ती वाढत जाते. वाचकाचा रस इथेच मरतो. नायिका कुठल्याही संकटातून केव्हाही सुटू शकते हे त्याला कळलं की तो संकटाकडे बघतच नाही.

नियम शोधताना दूर जाऊ नका, नडीशेजारीच शोधा. सुमनची नड नावाची आहे, तर जादूही नावाचीच हवी. गावाच्या शिवेवरचा राखणदार नावानं हाक मारली की येतो, आणि प्रत्येक हाकेला हाक मारणाऱ्याचं एक नाव खातो. एवढाच नियम. सीमाभागातल्या माणसाला नावं कमी नसतात. मराठी शाळेच्या दाखल्यावरचं एक, कन्नड रेशन कार्डावरचं दुसरं, इंग्रजी आधारवरचं तिसरं, गल्लीतलं टोपणनाव चौथं, आजीच्या तोंडचं पाचवं. शहराचंही तसंच. जुन्या कोरीव लेखांत वेणुग्राम, इंग्रजांचं बेलगाम, 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी पाट्यांवर बेळगावी, आणि घराघरांत बेळगाव. जागा, नड आणि जादू अशी एका धाग्यात आली की कादंबरीला स्वतःचा चेहरा येतो. तुमचा धागा वेगळा असेल, पण तो एकच असावा.

किंमत चढत्या क्रमानं लावा आणि क्रम वहीत लिहून ठेवा. पहिल्या हाकेला आधारवरचं नाव पुसलं जातं. गैरसोय होते, पण चालतं. दुसऱ्या हाकेला रेशन कार्ड, म्हणजे घरात भांडण. तिसऱ्याला दुकानातली ओळख जाते, मालक तिला नवीन मुलगी समजून कामाचं विचारतो. चौथ्याला वारसा अर्जावरचं अर्जदाराचं नाव जातं. ही चौथी हाक कथेच्या साधारण दोन तृतीयांशावर यावी, कारण इथे जादूनं तिची मूळ नडच गिळली. जमीन वाचवायला ती हाका मारत होती आणि आता जमीन मागणारंच कुणी उरलं नाही. पाचवी हाक शेवटाला, आजीच्या तोंडची.

किंमत परत मिळता कामा नये. शेवटी सगळी नावं जागेवर आली तर वाचकाला फसवल्यासारखं वाटतं आणि ते बरोबरच आहे.

दोन सूचना. एका कादंबरीत मूळ नियम दोनपेक्षा जास्त नकोत. आणि शेवटच्या लढतीत जो नियम उपयोगी पडणार आहे तो त्याआधी किमान दोनदा वाचकाला दिसलेला हवा, एकदा मोडताना आणि एकदा चालताना.

एक प्रसंग जवळून

मूळ खर्ड्यातला शक्तीचा पहिला प्रसंग असा:

"सुमनच्या अंगातून एक अनामिक शक्ती सळसळली. तिच्या डोळ्यांसमोर निळा प्रकाश पसरला. आता काहीच पूर्वीसारखं राहणार नव्हतं, हे तिला कळून चुकलं."

"अनामिक", "एक प्रकारची", "जणू काही", "कळून चुकलं" हे शब्द खर्ड्यात शोधून मोजा. लेखकाला स्वतःला काही दिसलेलं नसतं तिथेच ते येतात. आता तोच टप्पा किमतीच्या बाजूनं लिहून बघू. कर्नाटकात 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत आहे. राज्यातला पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवलं की कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट देतो. सीमेवर या कार्डाला फार महत्त्व आहे, म्हणून पहिला घाव तिथेच घालायचा:

खानापूरच्या बसला गर्दी होती. कंडक्टर मागून सरकत आला.

"आधार तोरस्री."

सुमननं कार्ड पुढं केलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली. तिकीट आलं नाही. कंडक्टरनं कार्ड उजेडाकडं धरलं, अंगठ्यानं पुसलं, पुन्हा धरलं.

"हेसर इल्लल्री इदराग."

शेजारच्या बाईनं मान वाकवली. फोटो होता. पत्ता होता. बारा आकडे होते. फोटोशेजारची ओळ कोरी, धुतल्यासारखी.

"प्रिंट उडालंय बघ गे," बाई म्हणाली. "नवीन काढून घे की."

सुमननं पन्नासची नोट काढून दिली. सुटे पैसे तिनं मोजले नाहीत. काल रात्री शिवेवर तिनं एकदाच हाक मारली होती.

इथे प्रकाश नाही, किंचाळी नाही. "हेसर" म्हणजे नाव, हे कन्नड न येणाऱ्या वाचकालाही पुढच्या पाच वाक्यांत कळतं. शेजारच्या बाईकडे साधं, पटणारं स्पष्टीकरण आहे, म्हणून शहराचं रोजचं जग मोडत नाही. आणि शेवटच्या वाक्यात कारण येतं, परिणाम दिसल्यानंतर. फँटसीत हा क्रम बहुतेक वेळा उपयोगी पडतो: आधी परिणाम, मग कारण, आणि नियम सगळ्यांत शेवटी.

आता पांढऱ्या दाढीच्या आजोबांचं काय करायचं ते ओघानंच ठरतं. त्यांना काढून टाका. खर्ड्यात ते सलग सहा पानं माहिती सांगतात. नियम सांगणारं पात्र असलं की नायिकेला चुकायची संधी मिळत नाही, आणि न चुकलेल्या माणसाबद्दल वाचकाला माया वाटत नाही. आजोबांच्या तोंडची माहिती तीन तुकड्यांत मोडा. एक तुकडा चुकीतून कळू दे, एक कागदातून, एक अशा माणसाकडून जो अर्धवट किंवा खोटं सांगतो. एका माणसानं सलग दीडशे शब्दांहून जास्त माहिती सांगितली की तिथे खूण करा.

विरोधी पात्राचं ऐकून घ्या

काळ्या कपड्यातला माणूस "दार" का उघडतो? "सत्तेसाठी" हे उत्तर आलं की पात्र मेलं. त्यालाही नड द्या, आणि शक्य तर नायिकेपेक्षा जुनी आणि जास्त न्याय्य. घटप्रभेवरच्या हिडकल धरणाच्या पाण्यात हुन्नूरचं विठ्ठल मंदिर बुडतं आणि उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पुन्हा दिसू लागतं. अशा पाण्याखाली गेलेल्या एखाद्या काल्पनिक वाडीचा हा माणूस. गाव गेलं, शीव गेली, पण राखणदार कुठे जाणार? घराण्याचा बिनशिवेचा राखणदार घेऊन हा माणूस वणवण करतो आहे. त्याला सुमनच्या गावची शीव हवी आहे. तो बाजारात एजंट म्हणून वावरतो, अडलेल्या लोकांचे कागद करून देतो आणि मोबदल्यात त्यांची टोपणनावं मागून घेतो. लोक हसत देतात.

आता दोघांच्या भेटीत तलवारी नकोत. दुकानात येऊन तो एक अर्ज भरून मागतो, अर्जदाराच्या नावाचा रकाना कोरा ठेवून. सुमनचा हात पेनकडे जातो. त्या एका हालचालीत दोघांच्या नडी समोरासमोर येतात.

परीक्षा सोपी आहे. विरोधी पात्राच्या बाजूनं कादंबरीचा सारांश दहा ओळींत लिहा. त्यात तो शहाणा माणूस वाटला पाहिजे. वाटत नसेल तर नायिकेचा विजय फुकटचा आहे.

देखण्या तरुणाबद्दल थोडक्यात: सुमन समोर नसताना तो दिवसभर काय करतो हे तीन वाक्यांत लिहिता येत नसेल तर त्याला काढा. काढल्यावर कथानकात काहीच अडलं नाही तर तो नव्हताच.

"मग" मोजा

वहीतल्या बेचाळीस ओळींच्या मधे एकेक जोडशब्द लिहा. दोन प्रसंगांमध्ये "म्हणून" किंवा "पण" बसत असेल तर जोड पक्की. "मग" किंवा "तेवढ्यात" बसत असेल तर जोड सुटलेली आहे. आमच्या खर्ड्यात सात वस्तू गोळा करायचा मधला सव्वाशे पानांचा भाग सगळा "मग"वर चालतो. पहिली वस्तू मिळाली, मग दुसरी, मग तिसरी. क्रम उलटा केला तरी फरक पडत नाही. क्रम बदलून फरक पडत नाही तिथे कथानक नाही, नुसती यादी आहे.

सातच्या दोन करा. दुसरी वस्तू मिळवण्याची किंमत म्हणून पहिली हातातून जाऊ द्या. सव्वाशे पानांची साठ होतील आणि कुणालाही उणीव भासणार नाही.

योगायोग एकच चालतो, तोही पहिल्या चतुर्थांशात आणि नायिकेला अडचणीत टाकणारा. तिला सोडवणारा योगायोग कुठेही नको. "नेमका त्याच वेळी" हे शब्द खर्ड्यात शोधा, सगळे सापडतील.

अंतर, ऋतू, पंचांग

खर्ड्यातली सुमन सकाळी गोकाकच्या धबधब्यावर असते, दुपारी कणकुंबीला, संध्याकाळी निपाणीत. गोकाक ईशान्येला, कणकुंबी नैर्ऋत्येला, निपाणी उत्तरेला. स्वतःच्या गाडीनंही हे जिकिरीचं आहे, आणि सुमनकडे गाडी नाही. इथला वाचक ताबडतोब थांबतो, आणि एकदा बसच्या वेळेवरून विश्वास उडाला की राखणदारावरही बसत नाही. भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा लावा आणि प्रत्येक प्रसंगाला टाचणी टोचा. बेळगाव ते खानापूर साधारण पंचवीस किलोमीटर, बेळगाव ते निपाणी साधारण पंचाहत्तर. बस थांबत थांबत जाते, वाट बघण्याचा वेळ वेगळा धरा.

ऋतूही तसाच. गोकाकचा धबधबा पावसाळ्यात गर्जतो, एप्रिलमध्ये उघडा खडक असतो. हुन्नूरचं देऊळ नेमकं उलट, पाणी ओसरल्यावरच दिसतं. दोन्ही एकाच आठवड्यात दाखवता येत नाहीत. पण हीच अडचण कथानकाच्या कामाची आहे. पाऊस सुरू झाला की देऊळ पुन्हा पाण्याखाली, म्हणजे एजंटाला जूनच्या आत काम उरकायचं आहे, आणि चुलत्यालाही. खर्ड्यातली अमावास्या लेखकानं नेमली होती. हा पाऊस कुणी नेमलेला नाही, म्हणून त्याची भीती खरी वाटते.

कथेचं वर्ष ठरवून त्या वर्षाचं पंचांग उघडून बसा. बेळगावची वैशाखातली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते आणि शहराचा मध्यभाग माणसांनी भरलेला असतो. त्या रात्री गुपचूप काही करायचं असेल तर मारुती गल्ली किंवा खडेबाजार निवडू नका. पाठलाग करायचा असेल तर मात्र याहून चांगली रात्र नाही. गणपती विसर्जनाचंही तेच, कपिलेश्वर तलावाकाठी त्या रात्री एकांत मिळत नाही. गावदेवीच्या यात्रेआधी तालुक्यातल्या गावांत वार पाळणूक असते, शेतातली कामं त्या दिवशी बंद ठेवतात. राखणदाराचा नियम तुम्ही यात गुंफू शकता: वाराच्या दिवशी हाक ऐकूच जात नाही. लोकांच्या चालीरीतीला चिकटून आलेला नियम समजावून सांगावा लागत नाही.

आणि जागांची नावं. बेळगावात शनिवार खूट आहे, कंबळी खूट आहे, त्यांचा "चौक" करू नका. टिळकवाडीतल्या माणसाला पत्ता विचारला तर तो पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट असं रेल्वेच्या फाटकांवरून सांगतो. "शहराच्या जुन्या भागातलं एक प्राचीन मंदिर" असं लिहिण्यापेक्षा किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे तिथलं जैन मंदिर, लिहा: 1204 सालची, छताला दगडात कोरलेलं 72 पाकळ्यांचं कमळ. मोजायची सवय असलेली सुमन तिथे मान वर करून पाकळ्या मोजणारच.

सीमा हीसुद्धा जागाच आहे. बाची कर्नाटकात, जवळचंच शिनोळी महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात. गावांच्या शिवा 1956 च्या राज्य पुनर्रचनेपेक्षा जुन्या आहेत. राखणदार कुठली रेषा मानतो, हा प्रश्न कादंबरीला फुकट मिळालेला आहे, तो सोडू नका. भगताचं पात्र असेल तर दोन्हीकडचा कायदा बघून घ्या. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा 2013 चा, कर्नाटकाचा 2017 चा. भगताला अमुक गोष्ट शिवेच्या कुठल्या बाजूला करायची हे ठाऊक असतं, लेखकालाही असावं.

बोली आणि कन्नड

सगळी पात्रं पुस्तकी मराठी बोलली तर बेळगाव उरत नाही. सगळी ठसक्यात बोलली तर वाचक दमतो. मधला मार्ग असा: निवेदन प्रमाण मराठीत, बोली संवादात, तीही माणसागणिक कमीजास्त. आजी "कुठं जाऊलालीस गे?" म्हणेल. सुमन घरी "मी येतो" म्हणेल, कारण इथल्या बायकामुली तसं बोलतात, आणि परगावच्या गिऱ्हाईकासमोर "मी येते" म्हणेल. हा बदल फार बोलका आहे. तिसरं नाव गेल्यावर तिनं घरातही "येते" म्हटलं तर आजी चपापेल, आणि तो प्रसंग आयता मिळेल.

कन्नड वाक्याचं भाषांतर लगेच पुढे देऊ नका. अर्थ समोरच्याच्या कृतीतून येऊ द्या. कन्नड लिहिता येणाऱ्या माणसाकडून प्रत्येक वाक्य तपासून घ्या, आणि तो माणूस उत्तर कर्नाटकातलाच असावा. बेंगळुरूची कन्नड बेळगावच्या कंडक्टरच्या तोंडी विचित्र वाटते.

विरोधी पात्र कन्नड आणि चांगली माणसं मराठी अशी वाटणी आली असेल तर ती मोडा. ती इथल्या जगण्याशी प्रामाणिक नाही. या बाजारात एकच दुकानदार तासाभरात तीन भाषांत भाव सांगतो. सीमाप्रश्न 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याची वेदना खरी आहे. म्हणूनच ती कुणाच्या कपाळावर शिक्का मारायला वापरू नये. कागदावरचं नाव चुकण्याचं दुःख कन्नड घरातही तेवढंच आहे, आणि एजंटाची वाडी कन्नड बोलणारी असेल तर कादंबरी जास्त खोल जाईल.

तितकीच काळजी जोगती आणि जोगतिणींबद्दल. सौंदत्तीच्या यल्लम्माचं नाव आलं की भंडारा, परडी आणि गूढ नजरेची जोगतीण सजावटीला आणून ठेवायचा मोह होतो. कर्नाटकानं देवदासी प्रथेविरुद्ध 1982 साली कायदा केला, त्यामागे जिवंत बायकांची आयुष्यं आहेत. जोगतीण आणायची तर तिला स्वतःची नड आणि स्वतःचा निर्णय द्या, नाहीतर आणू नका. पूजा चालू असलेल्या देवळात, बस्तीत किंवा मशिदीत अघोरी विधी घडवू नका. त्यासाठी काल्पनिक जागा उभी करा आणि तिला शेजारच्या खऱ्या जागांइतकाच तपशील द्या.

शेवट

निळा प्रकाश काढला की शेवटाला निवड उरते. मे महिना, ओसरलेलं पाणी, चिखलातून वर आलेलं देऊळ. एजंटाला थांबवायचं तर सुमननं पाचवी हाक मारली पाहिजे, आणि पाचवी हाक म्हणजे आजी तिला विसरणार. किंवा ती आपली शीव त्याच्या बिनघराच्या राखणदाराला देऊ शकते, म्हणजे जमीन जाईल पण नाव राहील. दोन्ही पर्याय महाग असले पाहिजेत आणि तिसरा, स्वस्त पर्याय खरंच उपलब्ध नसला पाहिजे. वाचकांना या निवडीपाशी थांबवा आणि विचारा, "तू काय केलं असतंस?" तिघांनी लगेच एकच उत्तर दिलं तर एक पर्याय हलका झाला आहे, त्याचं वजन वाढवा.

सगळं पुढच्या भागावर ढकलून संपवू नका. या पुस्तकानं पहिल्या दहा पानांत विचारलेला प्रश्न, उताऱ्यावर कुणाचं नाव लागणार, याच पुस्तकात सुटला पाहिजे. नवा प्रश्न उघडा राहू द्या, जुना नव्हे.

कापणी आणि वाचक

एवढं झाल्यावर कापायला बसा. नव्वद हजार शब्दांचे सत्तर-पंच्याहत्तर हजार व्हावेत. डेमी आकाराच्या पानावर साधारण तीनशे शब्द बसतात, म्हणजे पन्नासेक पानं जातील. आधी प्रसंग कापा, मग परिच्छेद, वाक्यं सगळ्यांत शेवटी. उलट क्रमानं गेलात तर पॉलिश केलेलं वाक्य टाकवत नाही. कापलेलं वेगळ्या फाइलमध्ये ठेवा म्हणजे हात कचरत नाही. मग संवाद मोठ्यानं वाचा. श्वास अडतो तिथे वाक्य लांब आहे, आणि दोन पात्रांचे आवाज सारखे वाटले तर बोलणाऱ्यांची नावं झाकून पुन्हा वाचा.

वाचक चार निवडा: एक बेळगाव शहरातला, एक तालुक्यातल्या खेड्यातला, एक कन्नड येणारा आणि एक पुणे-नाशिककडचा, ज्यानं हा भाग पाहिलेला नाही. कडोली, येळ्ळूर, उचगावच्या ग्रामीण साहित्य संमेलनांना नेमानं जाणारी वाचणारी माणसं या कामाला फार चांगली, ती तोंडदेखलं बोलत नाहीत. "कशी वाटली?" असं कुणालाच विचारू नका. प्रत्येकाला कोरा कागद द्या आणि तीन गोष्टी लिहायला सांगा: कुठल्या पानावर पुस्तक खाली ठेवलं, राखणदाराचा नियम एका वाक्यात, आणि सुमनला काय हवं होतं. चारही कागदांवर दुसरं आणि तिसरं उत्तर जुळलं तर हस्तलिखित मुद्रितशोधनाला द्यायला हरकत नाही. तिसऱ्या उत्तरात चौघांनी चार गोष्टी लिहिल्या तर वही पुन्हा उघडा आणि पहिल्या रकान्यापासून सुरुवात करा.